तीन वाजून छप्पन्न मिनिटं

गुलालाचा चिखल झालेल्या रस्त्यावर तू उभी आहेस. किल्लारी, औसा तालुका, जिल्हा लातूर. २९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र. गणपती बोळवून पोरं परत निघालीत, ओरडून ओरडून त्यांचे घसे बसलेत. हलगीवाल्यानं हलगी काखोटीला मारलीय.

"उद्या शाळा हाय का रं?"

"हाय की. बेस्तरवार हाय."

तू नववीत आहेस. तुझ्या काळातली, पुण्याची. तुझ्या शाळेत वर्षातून एकदा भलत्याच वेळी घंटा होते आणि सगळा वर्ग बाकांखाली शिरतो. खाली बसायचं, डोकं आणि मान झाकायची, बाकाचा पाय घट्ट धरायचा, हलणं थांबलं की रांगेनं मैदानात. फोटो निघतात, अहवाल जातो. हसत-खिदळत का होईना, ते सगळं तुझ्या अंगवळणी पडलंय. शिवाय या गावात कुणालाच माहीत नसलेली एक वेळ तुला पाठ आहे: पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. अजून साडेचार तास आहेत.

"कुणाची गं तू? पावनी का?" दारातली आज्जी विचारते आणि उत्तराची वाट न बघता आत बोलावते. परातीत भाकरी आहे, वाटीत उसळ. आत गारवा आहे. कोनाड्यातली चिमणी बघायला तू हात घालतेस, तर हात कोपरापर्यंत आत जातो आणि तरी मागं भिंत उरते. बाहेरच्या अंगाला दगडांची एक रांग, आतल्या अंगाला दुसरी, मधली पोकळी चिपा आणि माती कोंबून भरलेली. दोन्ही रांगांना धरून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड मात्र कुठं दिसत नाही. वर माळवद. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि काटक्या, त्यांवर माती. गळू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर पांढऱ्या मातीचा आणखी एक थर. आज्या-पणज्यापासूनचे थर एकावर एक साचलेत.

हे घर कुणी अडाणीपणानं बांधलेलं नाही. ते उन्हासाठी बांधलंय. मराठवाड्याच्या मे महिन्यात सिमेंटच्या स्लॅबखाली दुपार काढून बघ, म्हणजे माळवदाची अक्कल कळेल. फक्त जमीन आडवी हलेल, हा हिशेब बांधताना कुणाच्या मनात नव्हता. तसा तो सरकारी नकाशातही नव्हता. देशाच्या भूकंपप्रवण नकाशात हा भाग सगळ्यांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता.

"आज्जी, आज सगळ्यांनी बाहेर निजा."

आज्जी हसते. "मागल्या साली निजलो की! दसऱ्या-दिवाळीच्या टायमाला रोज हादरं. समदं गाव भाईर. मग थंडी पडली, लेकरं खोकाय लागली. किती दिस निजावं, तूच सांग? हादरं कमी झालं, गेलो आत."

तिचं काही चुकलेलं नाही. ऑक्टोबर १९९२ मध्ये इथं खरंच हादरे बसत होते. पण भूकंप येणार म्हणणं वेगळं आणि अमुक रात्री अमुक वाजता येणार म्हणणं वेगळं. यातलं दुसरं आजही जगातल्या कुठल्या शास्त्रज्ञाला जमत नाही. तुला वेळ ठाऊक आहे, कारण तू पुढून मागं आली आहेस. आज्जीला ती सवलत नाही. तारखेशिवायचा इशारा पाळायचा तर वर्षाच्या तीनशे पासष्ट रात्री अंगणात काढाव्या लागतील, आणि तसं कुठलंच गाव करत नाही. तू आणखी एकदा सांगून बघतेस. आज्जी तुला गोधडी देते.

आधी भांडी वाजतात. मांडणीतली ताटं एकमेकांवर किणकिणतात, जमिनीखालून घरघर येते. भूगोलाच्या पुस्तकात वाचलेली पहिली लाट ती हीच, वेगानं येणारी पण अंगानं हलकी. तिच्यामागून येते ती जमीन आडवी हलवणारी. भूकंपाचं केंद्र लांब असलं तर दोघींमध्ये काही सेकंद सापडतात. इथं ते पायाखालीच आहे, फार तर दहा-बारा किलोमीटर खोल. तू सवयीनं बाक शोधतेस. बाक नाही. दाराकडं धावावं तर दार अंधारात कुठल्या बाजूला ते आठवत नाही. समोरची भिंत फुगते, भाकरीचे पापुद्रे सुटावेत तशी तिची दोन अंगं एकमेकांपासून सुटतात, आणि आतलं अंग आत येतं. दगडांमागून माती. मिनिटही होत नाही.

उजाडल्यावर तू गावातून चालतेस तेव्हा वाट कुठली आणि घर कुठलं हे सांगता येत नाही. काही ठिकाणी मात्र विचित्र दृश्य आहे. लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा जागच्या जागी उभा, डोक्यावर माळवद तोलून, आणि खाली भिंती तेवढ्या ढासळून निजलेल्यांवर पडलेल्या. कित्येक जण दगडानं गेले नाहीत, मातीनं गुदमरले. गावाच्या कडेला कुडाच्या आणि पत्र्याच्या झोपड्या आहेत. त्याही कलंडल्यात, पण त्यांतून माणसं चालत बाहेर आलीत. ज्यांना दगडी भिंत परवडली नव्हती, ती माणसं. मग पाऊस सुरू होतो आणि ढिगारे आणखी जड होतात.

किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी, राजेगाव. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद मिळून बावन्न गावं जमीनदोस्त, जवळपास आठ हजार माणसं गेली. भूकंप होता ६.४ चा. जगाच्या मानानं मध्यमच म्हणायचा. चारच वर्षांपूर्वी, १९८९ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोजवळ ६.९ चा झाला, त्यात ६३ जण दगावले होते. दोन्हींमधला फरक खोली, जागा, वेळ अशा बऱ्याच गोष्टींचा आहे, पण त्यातला मोठा वाटा भिंतींचा आहे हे तू आत्ताच पाहिलंस. तुझ्यासारखीच इथली सुमारे १,२०० शाळकरी मुलं पुढं शिकायला पुण्यात, वाघोलीला जातील. तुझ्या घरापासून ते फार लांब नाही.

आणखी मागं जायचं? कोयनानगर, ११ डिसेंबर १९६७. इथं थांबायला फार वेळ नाही. घड्याळ तेवढं बघून घे: पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं. धरणाला तडे गेले पण ते टिकलं. दगडी घरं पडली, सुमारे १८० माणसं गेली. महाराष्ट्राच्या आठवणीतले दोन मोठे भूकंप, आणि दोन्ही वेळा शाळेला कुलूप, पोरं अंथरुणात.

मला शाळेच्या मॉक ड्रिलची चेष्टा करायची नाही. सिमेंट-सळईच्या नीट बांधलेल्या इमारतीत बाकाखाली शिरणं हाच शहाणपणा आहे, कारण तिथं इमारत पडण्याआधी पंखा, ट्यूबलाइट, कपाट आणि काच अंगावर येते. पण दिवसाचे चोवीस तास, त्यांतले शाळेचे सहा. उरलेल्या अठरा तासांसाठी घंटा कोण वाजवणार? कवायत शाळेच्या फाटकापर्यंत येते आणि तिथंच संपते.

दिवसाउजेडी काय होतं तेही बघायला हवं, म्हणून पुढं चल. २६ जानेवारी २००१, कच्छमधलं अंजार. सकाळचे आठ वाजून सेहेचाळीस मिनिटं. प्रजासत्ताक दिनाची प्रभातफेरी जुन्या गावातल्या अरुंद गल्लीतून निघालीय. पांढरे गणवेश, कागदी झेंडे, पुढं बाई, मागं गुरुजी. या वेळी धक्का किल्लारीपेक्षा कितीतरी मोठा आहे, ७.७ चा. डोक्यावर छप्पर नाही, मुलं उघड्यावर आहेत, तरी दोन्ही बाजूंची घरं गल्लीत येतात. १८५ विद्यार्थी आणि २० शिक्षक तिथंच राहतात. बाहेर पळा, असं आपण सहज म्हणून जातो. बाहेर म्हणजे कुठं, ते आधी पाहून ठेवावं लागतं. रस्ता जेवढा रुंद, त्याच्या दुप्पट उंचीची इमारत शेजारी असेल तर तो रस्ता बाहेर या शब्दात बसत नाही. तुझ्या पेठेत अशा गल्ल्या किती आहेत, हे मोजायला तुला काळात मागं-पुढं जावं लागणार नाही.

आता शेवटचा मुक्काम, आणि तो सगळ्यांत जवळचा. फेब्रुवारी २०१९, पालघर जिल्हा, डहाणू तालुक्यातलं धुंदलवाडी. नोव्हेंबरपासून इथली जमीन सारखी हादरतेय. बहुतेक धक्के छोटे, काही चारच्या आसपासचे. किल्लारीच्या आज्जीनं सांगितलेलं १९९२ आठवतंय ना, तसंच. इथंही लोक बाहेर निजतायत, तंबू लागलेत. महिन्याच्या पहिल्याच दिवशी धक्का बसल्यावर पळापळीत पडून एक दोन वर्षांची मुलगी गेली. घर पडलं नव्हतं. म्हणून इथल्या मुलांना पहिला धडा पळण्याचा नाही, न पळण्याचा दिला जातोय.

तंबूबाहेर तुझ्याएवढीच एक मुलगी बसलीय. मांडीवर वही, शेजारी धाकटा भाऊ. तू विचारतेस, घाबरत नाहीस का?

"आमचं जुनं घर कुडाचं आहे," ती म्हणते. "कारवीच्या काटक्या, वरून शेणमाती. ते हलतं नि पुन्हा उभं राहतं. काकानं विटांचं बांधलं, त्याला तडा गेला. आम्ही जुन्यात निजतो." मग घरात काय काय केलंय ते ती सांगायला लागते. मांडणीवरचे हंडे खाली आणले. कोयता आणि फावडं झोपायच्या जागेपासून दूर टांगलं. टॉर्च आईच्या उशाशी, चपला पायथ्याशी. दाराची कडी रात्री भावालाही काढता येते का ते पाहिलं. येत नव्हती, म्हणून ती खाली लावून घेतली. हे सगळं तिला कुणी पोस्टरवरून शिकवलेलं असेल किंवा नसेल, पण करताना तिनं आपलं घर बघितलंय.

"तुझं घर कसलं?"

"फ्लॅट. चौथा मजला."

"तू निजतेस तिथं डोक्यावर काय आहे?"

तू आठवायला लागतेस. पलंग. पलंगाच्या डोक्याशी कपाट, भिंतीला न ठोकलेलं. कपाटावर दोन सुटकेसा आणि मिक्सरचा जुना खोका. त्याच्यावर माळा, माळ्यावर आजीचा तांब्याचा बंब आणि दिवाळीलाच खाली येणारी पितळी भांडी. खिडकीला लोखंडी जाळी. दाराबाहेर सेफ्टी डोअर, त्याची किल्ली रात्री बाबांच्या पँटच्या खिशात.

"बंब किती जड?" ती विचारते.

"दोघांना उचलावा लागतो."

"मग तो खाली घे ना आधी. आणि पलंग तिथून काढ."

पलंग सरकवायला बाबा लागतील. ते शनिवारी घरी असतात. कपाटाला दोन कोन आणि चार स्क्रू, गल्लीच्या कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडं मिळतील. ड्रिल मशीन शेजारच्या काकांकडं आहे. किल्लीसाठी दाराशी, तुझ्या भावाचाही हात पोचेल इतक्या उंचीवर एक खिळा. ती मुलगी वहीचं मागचं पान फाडून तुझ्यापुढं धरते, आणि तू लिहायला घेतेस.