शल्लकी आणि गुडघ्याचा संधिवात : एका औषधाचा इतिहास

सालई हा विदर्भ व मध्य भारतातील कोरड्या पानझडी जंगलांत वाढणारा वृक्ष होय. संस्कृत ग्रंथांत त्यास शल्लकी म्हणतात. वनस्पतिशास्त्रात तो बॉस्वेलिया सेराटा या नावाने ओळखला जातो. खोडास खाच पाडली असता जो सुगंधी, राळयुक्त डिंक स्रवतो, तोच सलई गुग्गुळ. झिजेच्या संधिवातावर हे औषध प्राचीनांनी सांगितले व आधुनिकांनी सिद्ध केले, असे विधान वारंवार केले जाते. त्याची दोन्ही अंगे स्वतंत्रपणे तपासणे अवश्य आहे.

प्रथम ग्रंथप्रामाण्य. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौथ्या अध्यायात शल्लकीची साल पुरीषविरजनीय, म्हणजे मलाचा दूषित वर्ण पालटणाऱ्या द्रव्यांत गणली आहे. सुश्रुताने शल्लकीस रोध्रादिगणात स्थान दिले असून तो गण मेद व कफ यांचा नाशक म्हटला आहे. संधिगत वाताचे वर्णन चरकाने चिकित्सास्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात केले आहे : सुजलेला सांधा वायूने भरलेल्या पखालीसारखा लागतो आणि तो पसरताना व आखडताना वेदना होते. परंतु वरील दोन्ही गणांत सांध्याच्या वेदनेचा निर्देश नाही. शिवाय चरकाच्या गणात साल आहे, डिंक नव्हे. तेव्हा आजच्या उपयोगाचा उगम या गणांत शोधणे युक्त ठरणार नाही.

आधुनिक संशोधनात जम्मू येथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेचे कार्य पायाभूत ठरले. सलई गुग्गुळाच्या अर्काने प्राण्यांतील कृत्रिम सूज कमी होते, असे तेथील जी. बी. सिंग व सी. के. अटल यांनी 1986 साली प्रसिद्ध केले. पुढे 1990 नंतरच्या आरंभीच्या वर्षांत जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे एच. पी. टी. आमोन व त्यांचे सहकारी यांनी या गुणाचे कारण मांडले : डिंकातील बॉस्वेलिक आम्ले 5-लिपॉक्सिजनेझ या विकरास रोखतात, आणि त्यामुळे दाहकारक ल्युकोट्राइनांची निर्मिती मंदावते. ही उपपत्ती निर्विवाद राहिली नाही. संपूर्ण रक्तात हा परिणाम दिसत नाही, असे 2009 साली दाखविण्यात आले व अन्य विकरे पुढे आली. 2020 साली मात्र यांपैकी एक आम्ल त्याच विकरास क्रियास्थानापासून दूर चिकटलेले स्फटिकरचनेत आढळले.

रुग्णांवरील पुरावा याहून निराळ्या जातीचा आहे. नागपूरच्या इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयातील, 2003 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गुडघ्याच्या संधिवाताचे 30 रुग्ण होते. पंधरा-पंधरांच्या दोन गटांस आठ आठवडे औषध वा निरौषधी गोळी दिली गेली आणि मधल्या विरामानंतर गटांची अदलाबदल झाली. औषध घेताना वेदना घटली, गुडघा अधिक वाकू लागला व चालण्याचे अंतर वाढले. क्ष-किरण चित्रांत मात्र बदल आढळला नाही. 2014 सालच्या कॉक्रेन समीक्षेनेही वेदना व हालचाल यांत अल्प सुधारणा मान्य केली.

म्हणजे रुग्णास आराम पडतो, हे बऱ्याच अंशी दिसून आले आहे; झिजलेली कूर्चा पूर्ववत होते, असे दिसलेले नाही. ग्रंथातील नाव, प्रयोगशाळेतील कारण आणि रुग्णाचा आराम ही तीन प्रमाणे परस्परांची जागा घेऊ शकत नाहीत. त्यांची सरमिसळ केल्याने परंपरेचा गौरव वाढत नाही. उलट तिच्याविषयी नेमके काय ठाऊक आहे, हेच अस्पष्ट होते.