टॉर्चवाला फोन

नोकिया ११०० हा फोन २००३ साली बाजारात आला. त्याआधी मोबाईल म्हणजे बड्या बागायतदाराच्या नाहीतर पुढाऱ्याच्या खिशात दिसायची वस्तू. भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला. ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांना लावला होता. पण पुढं कितीतरी वर्षं आलेला फोन उचलायलासुद्धा पैसे पडायचे. आता सांगा, दुसऱ्यानं हाक मारली आणि ओ दिल्याबद्दल आपण दाम मोजायचा, हे कुठल्या कुणब्याला पटंल? २००३ च्या मे महिन्यात इनकमिंग फुकट झालं आणि गणितच पालटलं. ज्याला गरज असंल तो करंल, आपण मिस कॉल द्यायचा.

त्या फोनात होतं तरी काय? वजन ८६ ग्रॅम, मध्यम कांद्याएवढं. काळा-पांढरा पडदा, ९६ बाय ६५ ठिपक्यांचा. नावं ५० मावायची, मेसेजही ५०. कॅमेरा नाही, रेडिओ नाही. पोरांना सापाचा खेळ होता. पण बटणांवर सलग रबर होतं, मधी फट म्हणून नाही. मळणीचा भुसा आत शिरायला वाटच नव्हती. हे ज्यानं केलं त्याला धुळीत राहणारा माणूस कळला होता.

आणि डोक्यावर दिवा. सी अक्षराचं बटण दाबून धरलं की उजेड, लागोपाठ दोनदा दाबलं की लागूनच राहायचा.

शहरातल्या माणसाला ही गंमत वाटंल. पण २००५ च्या आसपासचं भारनियमन आठवा. थ्री फेज लाईट रात्रीची यायची. उठायचं, विहिरीवर जाऊन मोटर चालू करायची आणि उसात दारं धरायचं. खोऱ्याला दोन हात लागतात. मग बॅटरी (आमच्याकडं टॉर्चला बॅटरीच म्हणतात) कुठं धरणार? काखेत धरली तर उजेड भलतीकडं, दातात धरली तर जबडा दुखायचा. हा फोन मुंडाशाच्या पिळात खोचला की उजेड नजरेसमोर आणि दोन्ही हात मोकळे. सरीत पडलेली घोणस दोन पावलं आधी दिसायची. आणि नाहीच दिसली, डसलीच, तर जीप बोलवायला वस्तीपर्यंत पळायची गरज नव्हती. रात्री एकटा रानात गेलेल्या माणसाच्या घरी बायको किती वेळा दाराशी येऊन बघायची, हे ज्यानं बघितलंय त्याला या फोनाची किंमत विचारा.

माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. पण दोनचं बटण दाबून धरलं की धाकटा, तीनचं धरलं की सासरची लेक, हे तिनं दोन दिवसांत पाठ केलं. पडदा ती बघतच नसे. बोटांनीच ओळखायची.

कंपनीच्या कागदावर बॅटरी नुसती ठेवली तर ४०० तास चालणार होती. आमच्याकडं टॉवर लांब. रेंज कमी असली की फोनाला जास्त जोर लावावा लागतो, बॅटरी लवकर उतरते. तरी दोन-चार दिवस चार्जरची आठवण व्हायची नाही, आणि लाईटच नसलेल्या गावात हे थोडं नव्हतं.

असे पंचवीस कोटींच्या वर फोन जगभर खपले. आफ्रिकेतही त्याला लोकांनी असंच डोक्यावर घेतलं. नोकियाचा शंभर कोटीवा फोन विकला गेला तो नायजेरियात, आणि तोही हाच ११००.

फोन गेले, पण त्यातली ती चपटी बीएल-५सी बॅटरी अजून हिंडते आहे. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्यानं भजनाचा छोटा डबा घेतलाय, पहाटे गोठ्यात लावून धार काढतो. परवा बंद पडला म्हणून मागचं झाकण उघडलं, तर आत तीच.