प्लिमथ, पाणी आणि एक यादी

१५ जून १९५७, शनिवार. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातले तुलसा शहर. काउंटी न्यायालयासमोर सुमारे १२ फूट रुंद आणि २० फूट लांब काँक्रीटची पेटी जमिनीत बांधलेली, आणि तिच्यात एक कोरी करकरीत मोटार उतरवली जात आहे. या प्रसंगाची छायाचित्रे, वर्तमानपत्रांतली वृत्ते आणि गाडीत ठेवलेल्या वस्तूंची नोंद असा बऱ्यापैकी पुरावा आज हाती आहे. पन्नास वर्षांनी त्यात आणखी दोन साधनांची भर पडली. एक म्हणजे पोलादी डब्यातली कागदपत्रे आणि दुसरे म्हणजे खुद्द ती गाडी. ही साधने शेजारी ठेवून वाचली की तुलसाकरांना भविष्याबद्दल काय वाटत होते आणि प्रत्यक्षात काय घडले, या दोन्हींचा बराच नेमका हिशेब लागतो.

ओक्लाहोमा १६ नोव्हेंबर १९०७ रोजी अमेरिकी संघराज्यात सामील झाले. त्याच्या सुवर्णमहोत्सवासाठी तुलसाने ‘तुलसारामा’ नावाचा उत्सव भरवला. हे शहर तेलावर वाढलेले. स्वतःला ते जगाची तेल-राजधानी म्हणवत असे. कालकुपी म्हणून मोटार पुरावी, हे अशा गावाला सुचणे स्वाभाविक होते. निवड झाली १९५७ सालच्या प्लिमथ बेल्व्हेडिअरची. दोन दारांची, सोनेरी-पांढऱ्या रंगाची, मागे उंच पंख असलेली. क्रायस्लर कंपनीचे रचनाकार व्हर्जिल एक्स्नर यांच्या नव्या शैलीतली ही गाडी त्या वर्षी फार गाजली. एकदम १९६० साल उजाडले, अशा आशयाची तिची जाहिरात होती. अमेरिकी उद्योगाच्या प्रगतीचा हा नमुना पन्नास वर्षांनीही लोकांना भावेल, असा विश्वास आयोजकांनी तेव्हा जाहीरपणे बोलून दाखवला होता. प्लिमथ हे नाव मुंबईलाही परके नव्हते. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातल्या कारखान्यात डॉज आणि प्लिमथ गाड्यांची जोडणी होत असे.

माझे सगळे लक्ष वेधून घेते ती वस्तूंची यादी. पेटीत १० गॅलन पेट्रोल ठेवले होते, सोबत इंजिन ऑइल. २००७ पर्यंत पेट्रोलवर चालणारी इंजिने कालबाह्य झाली आणि इंधनच मिळेनासे झाले, तर गाडी सुरू करता यावी म्हणून. डिकीत श्लिट्झ बिअरची पेटी. डॅशबोर्डच्या कप्प्यात त्या काळातल्या बाईच्या पर्समध्ये सापडेल असा ऐवज: केसांच्या पिना, लिपस्टिक, च्युइंग गम, टिश्यू पेपर, सिगारेटचे पाकीट, काड्यापेटी, मन शांत करणाऱ्या गोळ्यांची बाटली आणि रोख २ डॉलर ७३ सेंट. शिवाय पार्किंगच्या दंडाची न भरलेली पावती. हा ऐवज कुणा एका बाईचा म्हणून वाचणे चूक ठरेल. तो मुद्दाम जुळवलेला आहे. ‘आमच्याकडची बाई अशी असते’ हे भविष्याला सांगण्यासाठी निवडलेला आहे. म्हणून तुलसाच्या बायकांपेक्षा निवडणाऱ्यांच्या समजुतीचा तो पुरावा आहे. एक गोष्ट मात्र त्यातूनही निसटून पुढे येते. या समृद्ध, आशावादी वर्षात मनःशांतीच्या गोळ्या इतक्या परिचयाच्या झाल्या होत्या की नेहमीच्या सामानात त्यांची गणना व्हावी.

पुरण्यापूर्वी गाडीला गंजरोधक लेप देऊन ती आवरणात गुंडाळली होती. पेटी अणुहल्ल्यालाही दाद देणार नाही, असे सांगितले जात होते. शीतयुद्धाच्या ऐन भरातले ते वर्ष होते; चारच महिन्यांनी स्पुटनिक अवकाशात गेला. भय आकाशातून येणाऱ्या बाँबचे होते, आणि पेटीची ख्यातीही त्याच भयावर बेतलेली होती.

२००७ च्या जूनमध्ये झाकण उघडले तेव्हा पेटीत सुमारे चार फूट पाणी साचलेले होते. ते उपसून गाडी वर काढली आणि १५ जूनच्या संध्याकाळी हजारो लोकांसमोर सभागृहात तिचे आवरण दूर केले. आत गंज आणि गाळ यांनी भरलेला सांगाडा होता. आसनांची गादी कुजलेली, मागचे पाटे गंजाने खाल्लेले; क्रोमचा एखादा तुकडा तेवढा चकाकत होता. मीटरवर फक्त ४ मैल. इंजिन सुरू करून पाहण्यासाठी गाड्यांच्या दुनियेतले नामांकित बॉइड कॉडिंग्टन आले होते. त्यांना करण्यासारखे काही उरले नव्हते.

काँक्रीट हा मुळातच सच्छिद्र पदार्थ. त्याला तडे जातात, सांधे सुटतात, आणि एकदा आत आलेल्या पाण्याला बंद पेटीतून बाहेर पडायला वाट नसते. गुंडाळलेल्या आवरणानेही ओल पत्र्याशी धरूनच ठेवली असणार. याला आणखी एक गोष्ट जोडायला हवी, आणि तिचा खड्ड्याशी संबंध नाही. १९५७ सालच्या क्रायस्लर गाड्या घाईने बाजारात आणलेल्या होत्या. त्यांच्या बॉडीत पाणी झिरपते, पत्रा लवकर गंजतो, हे रस्त्यावर चालवणाऱ्यांना थोड्याच वर्षांत कळून चुकले होते. म्हणजे त्या साली ओलीत ठेवायला याहून नाजूक गाडी शोधणे अवघड होते.

डॅशबोर्डच्या कप्प्यात निघाला तो कुजट लगदा. १९५७ ची यादी हाती नसती तर त्या लगद्यावरून कुणालाही गोळ्यांच्या बाटलीबद्दल वा न भरलेल्या दंडाबद्दल काही सांगता आले नसते. याच खड्ड्यातला झाळून बंद केलेला पोलादी डबा मात्र पाण्याला पुरून उरला. आतले कागद कोरडे होते. ४८ ताऱ्यांचा राष्ट्रध्वजही शाबूत होता. तो शिवला तेव्हा अलास्का आणि हवाई ही राज्ये झालेली नव्हती.

त्याच डब्यात मायक्रोफिल्मवर नोंदलेले लोकांचे अंदाजही होते. २००७ साली तुलसाची लोकसंख्या किती असेल, असा प्रश्न नागरिकांना विचारला होता. ज्याचे उत्तर सर्वांत जवळचे, त्याला गाडी आणि १०० डॉलरची ठेव. तो हयात नसल्यास त्याच्या वारसांना. १९५० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १,८२,७४० होती. २००७ साठी धरलेला आकडा ३,८२,४५७ आणि विजेत्याचा अंदाज ३,८४,७४३. फरक फक्त २,२८६ चा. दुपटीहून किंचित अधिक, एवढा संयमी हिशेब त्या भरभराटीच्या दिवसांत कुणीतरी मांडला होता, याचे मला मनापासून कौतुक वाटते. विजेता १९७९ मध्येच वारला होता. गाडी आली ती त्याच्या वयोवृद्ध बहिणींकडे. ठेवीचे झाले होते ६६६ डॉलर ८५ सेंट, म्हणजे चक्रवाढीने वर्षाला सरासरी ३.९ टक्क्यांच्या आत-बाहेर.

पुढे न्यू जर्सीतल्या अल्ट्रा वन या कंपनीने गंज काढण्याचे मोठे काम केले. बाहेरून सोनेरी-पांढरा रंग ओळखू येण्याइतका दिसू लागला. पण पत्रा आणि चौकट इतकी झिजली होती की गाडी चालती होणे शक्यच नव्हते. २०१७ मध्ये ती इलिनॉयमधल्या रॉस्को गावच्या हिस्टॉरिक ऑटो ॲट्रॅक्शन्स या संग्रहालयात गेली. तिला नवा पत्रा लावून चकचकीत केले नाही, हे फार योग्य झाले. गंजासह ती एक अस्सल दस्तऐवज आहे. नव्याने घडवली असती तर १९५७ च्या हजारो गाड्यांपैकी एकीची प्रतिकृती झाली असती.

तुलसाने १९९८ साली आणखी एक गाडी कालकुपीत ठेवली. ती प्लिमथच, प्राउलर नावाची. या वेळी पेटी सेंटेनिअल पार्कमध्ये जमिनीच्या वर बांधली, म्हणजे पहिल्या गाडीचे काय झाले हे अजून कुणाला माहीतही नसताना. तीन वर्षांनी, २००१ मध्ये, क्रायस्लरने प्लिमथ हे नावच बंद केले. त्यामुळे २०४८ मध्ये ही दुसरी पेटी उघडेल तेव्हा गाडी सुस्थितीत निघाली तरी तिचे नाव काय आणि ती कुणी बनवली, हे बहुतेकांना सोबतच्या कागदांवरूनच कळेल.