गृहसंगणकांची पुनर्घडण (एफपीजीए)

१९८० च्या दशकातले घरगुती संगणक एफपीजीए या चिपवर नव्याने उभे करण्याची पद्धत. एम्युलेटर जुन्या यंत्राचे वागणे सॉफ्टवेअरने वठवतो. इथे मूळ सर्किटच व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएल या सर्किट-वर्णनाच्या भाषेत लिहितात आणि चिपच्या आतल्या जोडण्या त्याबरहुकूम जुळतात. दुसरे सर्किट भरले की तोच बोर्ड दुसरा संगणक होतो.

अशा गृहसंगणकाचे मराठी मुलखातले उदाहरण पुण्याचे. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ हा संगणक परवान्याने बाजारात आणला. त्याचा पूर्वज सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम (ब्रिटन, १९८२): ३.५ मेगाहर्ट्‌झचा झेड८० प्रोसेसर, १६ केबी रॉम, ४८ केबीपर्यंत रॅम, पडदा घरच्या टीव्हीचा आणि साठवण कॅसेटवर.

स्पेक्ट्रमच्या पुनर्घडणीचा कस प्रोसेसरमध्ये लागत नाही. झेड८० चे टी८० हे मुक्त सर्किट तयार मिळते. खरे अवघड काम यूएलए या फेरांटीने बनवलेल्या खास चिपचे. चित्र, कीबोर्ड, कॅसेट आणि आवाज हे सारे तीच सांभाळते. चित्र रेखले जात असताना प्रोसेसरने रॅमचे पहिले १६ केबी मागितले, तर यूएलए त्याचे घड्याळ क्षणभर रोखून धरते. ४८ केबीच्या यंत्रात एक चित्र ६९,८८८ ठोक्यांत पुरे होते आणि सेकंदाला सुमारे पन्नास चित्रे उमटतात. कित्येक गेमनी पडद्याच्या कडेचे रंगपट्टे याच हिशेबावर बसवले होते. नक्कल काही ठोक्यांनी चुकली की पट्टे सरकतात. हे वेळापत्रक हुबेहूब उतरले, तरच यंत्र परतले असे म्हणणे रास्त. क्रिस स्मिथ यांनी यूएलएची अंतर्रचना उलगडून २०१० मध्ये ग्रंथरूपाने मांडली, ही या क्षेत्रातली मोलाची कामगिरी.

स्पेनचा झेडएक्स-युनो, लोकवर्गणीतून उभा राहिलेला स्पेक्ट्रम नेक्स्ट (२०१७) आणि अनेक संगणकांची सर्किटे चालवणारा मिस्टर हे प्रमुख प्रकल्प.

झेड८० बनवणाऱ्या झायलॉगने २०२४ मध्ये त्या सुट्या चिपची विक्री थांबवण्याचे जाहीर केले. त्यामुळे जुन्या यंत्रांची दुरुस्ती दिवसेंदिवस कठीण होणार. सर्किट पुन्हा लिहिता येते, पण पुण्याच्या यंत्रावर मुलांनी लिहिलेले बेसिक प्रोग्रॅम फक्त त्यांच्या कॅसेटांत आहेत. चुंबकीय फीत झिजते. घरात अशी कॅसेट असेल तर तिचा आवाज आधी संगणकावर ध्वनिमुद्रित करून घ्यावा. त्या फाइलवरून प्रोग्रॅम नव्या यंत्रातही लोड होतो.