आधी सुधा, मग रंग

मोठ्या वाड्याला संस्कृतात सौध म्हणतात. हा शब्द आला सुधेवरून, आणि सुधा म्हणजे अमृत तसाच चुनाही. चुन्याने उजळलेला तो सौध. आपला ‘चुना’ चूर्णापासून आला, तर ‘गिलावा’ फारसीतून. तिथे गिल म्हणजे माती, आब म्हणजे पाणी.

अजिंठ्याच्या लेण्यांतला गिलावा या शब्दाच्या अर्थाला जागणाराच आहे : माती, दगडाची भुकटी, भाताचे तूस, वनस्पतींचे धागे. त्यावर चुन्याचा पातळ थर आणि तो वाळल्यावर चित्रे. ओल्या भिंतीवर तिथे कुंचला टेकवलेला नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

चुन्याच्या भिंतीची गंमत अशी, की ती पुन्हा दगड होत जाते. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. मग ती पाण्यात विरवायची, घाण्यात मळायची. असे चुन्याचे घाणे आपल्या गडांवर आजही दिसतात. भिंतीवर चढलेला चुना गेलेला वायू हवेतून हळूहळू परत घेतो. वरची सफेदीही चुन्याचीच, म्हणून भिंत आणि रंग यांचे कधी बिनसत नसे. ओलही बाहेर पडत राही.

१८२४ मध्ये इंग्लंडातल्या जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. पुढे गिलावा सिमेंटचा झाला आणि रंगाचे गणितच बदलले. सिमेंट घट्ट होताना तीव्र अल्कली तयार होते. अशा ताज्या, दमट भिंतीवर तेलाचा रंग दिला, तर अल्कली त्या तेलाचा चक्क साबण करते. रंग चिकट होतो, पुढे सुटतो. शिवाय आतले पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येते. तो भिंतीवरचा पांढरा खार. प्रायमर आला तो भिंत आणि रंग यांच्यात उभा राहायला. लांबी भरून, पॉलिश पेपरने घासून भिंत गुळगुळीत होते, पण लांबीने ओल झाकली जात नाही.

म्हणून सिमेंटच्या गिलाव्यावर आठवडाभर पाणी मारा आणि मग निदान २८ दिवस भिंत उघडी ठेवा; पावसाळ्यात त्याहून जास्त. तरी शंका असेल, तर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले, तर रंगाऱ्याला आणखी पंधरा दिवसांनी बोलवा.