हक्क एकाचे, फीत दुसऱ्याची

पुस्तक कोणाचे, असे विचारले तर लेखकाचे नाव सांगता येते. चित्रपटाच्या बाबतीत तेच उत्तर भावनेच्या दृष्टीने खरे असले, तरी कायद्याच्या दृष्टीने बहुधा चुकीचे ठरते. सत्यजित राय यांच्या आरंभीच्या चित्रपटांचा इतिहास या दृष्टीने तपासून पाहण्यासारखा आहे. त्यांचे नाव साऱ्या जगाने मान्य केले, परंतु त्या चित्रपटांचे हक्क अनेक हातांत विखुरलेले राहिले.

‘पथेर पांचाली’चे चित्रण पैशांअभावी थांबले, तेव्हा मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या पुढाकाराने पश्चिम बंगाल सरकारने आर्थिक भार उचलला. सरकारी दप्तरात हा खर्च रस्ता सुधारणेच्या नावे पडला, असे सांगितले जाते. १९५५ मध्ये प्रदर्शित झालेला हा चित्रपट अशा रीतीने सरकारच्या मालकीचा झाला. ‘अपराजितो’ (१९५६) एपिक फिल्म्स या संस्थेचा, तर ‘अपुर संसार’ (१९५९) राय यांच्या स्वतःच्या निर्मितिसंस्थेचा. म्हणजे एकाच नायकाची कथा सांगणाऱ्या तीन चित्रपटांची निर्मिती तीन निरनिराळ्या नावांवर झाली. पुढे ‘महानगर’ (१९६३), ‘चारुलता’ (१९६४) आणि ‘नायक’ (१९६६) यांचे निर्माते आर. डी. बन्सल होते.

हक्क असे कागदोपत्री निश्चित होते. मूळ फितींची अवस्था मात्र कोलकात्याच्या दमट, उष्ण हवेत खालावत चालली होती. ३० मार्च १९९२ रोजी राय यांना सन्माननीय ऑस्कर देण्यात आले आणि २३ एप्रिल रोजी त्यांचे निधन झाले. या सन्मानाच्या निमित्ताने त्यांच्या चित्रपटांच्या चांगल्या प्रती किती दुर्मिळ आहेत, हे अमेरिकेतील अकादमीच्या ध्यानी आले. जतनासाठी म्हणून अनेक मूळ निगेटिव्ह लंडनच्या हेंडरसन प्रयोगशाळेत पोहोचल्या. १९९३ मध्ये तेथे आग लागली. ज्या ठिकाणी त्या वाचायच्या, त्याच ठिकाणी त्या होरपळल्या.

उरलेले जळके तुकडे कोणत्याही यंत्रातून सरकण्याजोगे नव्हते. तरीही ते फेकून न देता अकादमीच्या संग्रहालयात ठेवण्यात आले. त्यांचा उपयोग काय, हे त्या वेळी कोणाला सांगता आले नसते. सुमारे वीस वर्षांनी इटलीतील बोलोन्या येथील प्रयोगशाळेने ठिसूळ फितीला पुन्हा ओलावा देऊन, तिच्या कडेची छिद्रे हातांनी सांधून त्या चित्रांना उजेडात आणले. ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून अधिक भाग मूळ निगेटिव्हवरून मिळाला. ‘अपुर संसार’ची निगेटिव्ह कामी आली नाही. तो चित्रपट इतरत्र जपलेल्या प्रतींवरून उभा करावा लागला. २०१५ मध्ये ही चित्रत्रयी प्रथम न्यूयॉर्कमध्ये पडद्यावर आली आणि त्याच वर्षी क्रायटेरियन या अमेरिकन संस्थेने ती घरगुती तबकड्यांवर काढली. तत्पूर्वी, २०१३ मध्ये, त्याच संस्थेने ‘चारुलता’ आणि ‘महानगर’ही काढले होते.

हक्काचा प्रश्न मात्र एवढ्यावर संपला नाही. ‘नायक’च्या पटकथेवरून २०१८ मध्ये इंग्रजी कादंबरी निघाली. निर्मात्याच्या कुटुंबाने तिला हरकत घेतली. चित्रपट आमचा, तेव्हा पटकथाही आमचीच, असा त्यांचा दावा होता. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने निर्णय दिला, की पटकथा ही स्वतंत्र साहित्यकृती असून तिचे प्रथम स्वामी राय हेच होत. निर्मात्याने पैसा घातला म्हणून लेखक त्याचा नोकर ठरत नाही.

या निर्णयाचे मर्म वर्षांच्या हिशेबात स्पष्ट होते. आपल्या कायद्यानुसार चित्रपटावरील स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, तर लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे. म्हणून ‘अपुर संसार’वरील निर्मितीचा हक्क २०१९ अखेर, ‘चारुलता’वरील २०२४ अखेर संपला. ‘नायक’ची मुदत २०२६ अखेरपर्यंतची. पटकथाकार राय यांचे हक्क मात्र २०५२ अखेरपर्यंत राहतील.

परंतु या साऱ्या हिशेबात एक गोष्ट कोठेच येत नाही. कायदा मालकाला विकण्याचा, अडवण्याचा, परवानगी देण्याचा अधिकार देतो. फीत जपण्याचे कर्तव्य त्याच्यावर घालीत नाही. काही मालक ते कर्तव्य आपण होऊन पाळतात. बन्सल यांच्या संस्थेने आपल्या चित्रपटांचा पुनरुद्धार करवून घेतला, हे नमूद केले पाहिजे. पण ते मालकाच्या इच्छेवर आणि ऐपतीवर अवलंबून राहते. मुदत संपून चित्रपट सर्वांचा झाला, तरी त्याची चांगली प्रत उरली नसेल, तर सर्वांच्या वाट्याला नुसते नावच येते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिती जळाल्या आणि त्यांत ‘प्रभात’च्या चित्रपटांच्याही होत्या, हे मराठी वाचकाला निराळे सांगायला नको.

राय यांची चित्रत्रयी आपल्यापर्यंत पोहोचली, ती हक्काच्या कागदांमुळे नव्हे. कोणताही हक्क नसताना जळके तुकडे वीस वर्षे सांभाळणाऱ्यांमुळे ती पोहोचली. मालकीची मुदत कायद्याने ठरते. कलाकृतीचे आयुष्य मात्र तिच्या राखणदारांवर ठरते. आपल्याकडील जुन्या चित्रपटांचे मालक कोण, हे आपण पुष्कळदा विचारतो. त्यांचे राखणदार कोण, हा प्रश्नही तितक्याच आग्रहाने विचारला गेला पाहिजे.