स्वस्त माइक, अर्धी नक्कल आणि घरातला आवाज

इतिहासाच्या व्याख्यानात माइकच्या दुरुस्तीचं काय काम, असं काहींना वाटेल. पण आपल्या जिल्ह्यात, पारनेर-पाथर्डीपासून अकोल्यापर्यंत, आता घरोघरी रेकॉर्डिंग चालतं. कुणी कीर्तनाचा सराव करतो, कुणी भारूड म्हणतो, कुणाला आजीच्या ओव्या राखून ठेवायच्या असतात. हजार-दोन हजारांचा माइक येतो, आवाज टोचरा वाटतो, आणि मग प्रश्न पडतो : हा उघडून आतले भाग बदलले तर? माझं म्हणणं असं की हा माइक टोचरा का झाला ते कळलं, तर काय बदलावं आणि काय नाही, हेही कळतं. आणि ते 'का' इतिहासात आहे.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायझबर्ग कलकत्त्यात आला आणि आपल्या देशातल्या पहिल्या व्यापारी ध्वनिमुद्रिका झाल्या. तेव्हा माइक नव्हताच. पत्र्याचा कर्णा होता. गाणाऱ्यानं त्यात तोंड घालून जोरात गायचं. हळू आवाजाला त्यात जागाच नव्हती. जात्यावर बसून स्वतःशी गुणगुणणारी बाई त्या कर्ण्यात उमटली नसती. १९२५ मध्ये विजेवरचं रेकॉर्डिंग सुरू झालं आणि माइक आला. (गंमत बघा, त्याच वर्षी जुलैत इथे नगरजवळ अरणगावला मेहेरबाबांनी मौन धरलं, ते १९६९ मध्ये देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. जगाला हळू आवाज टिपता येऊ लागला आणि आपल्याकडचा एक आवाज थांबला.)

१९२८ मध्ये बर्लिनच्या गेऑर्ग नॉयमन यांनी कंडेन्सर माइक कारखान्यात बनवायला घेतला. आपल्या कामाचा टप्पा मात्र १९६० चा. त्या वर्षी नॉयमनचा यू ६७ आला. त्यातल्या कॅप्सूलचं, म्हणजे आवाज झेलणाऱ्या पडद्याच्या डबीचं, नाव के ६७. ही कॅप्सूल वरचे स्वर मुद्दाम चढे देते. ते तसंच सोडलं असतं तर कानाला टोचलं असतं. म्हणून आतल्या सर्किटमध्ये तेवढेच वरचे स्वर उतरवले होते. कॅप्सूल चढवणार, सर्किट उतरवणार, असा दोघांचा संसार होता. एकटी कॅप्सूल ऐकायची म्हणून कुणी केलीच नव्हती.

पुढे नव्वदीच्या अखेरीपासून चीनमधल्या कारखान्यांनी स्वस्त कंडेन्सर माइक जगभर पोचवले. यातही इतिहास आहे. बीजिंगचा ७९७ क्रमांकाचा कारखाना, जिथे माइक बनतात, तो पन्नाशीच्या दशकात पूर्व जर्मनीच्या मदतीनं उभ्या राहिलेल्या संकुलातला. या लाटेत के ६७ च्या धर्तीची कॅप्सूल अनेकांनी उचलली, पण सर्किट दुसरंच, साधं, सरळ वापरलं. वरचे स्वर उतरवणारा भाग त्यात नव्हता. नक्कल झाली ती अर्धीच. आपण ज्याला 'स्वस्त माइकचा टोचरा आवाज' म्हणतो, तो पुष्कळदा या अर्ध्या नकलेचा आवाज आहे. माल हलका असतोच असं नाही.

आता मराठीत हे जास्त का खुपतं, ते सांगतो. आपल्याकडे 'च' आणि 'ज' दोन-दोन आहेत. दळायचं 'जातं' आणि माणसाची 'जात' यांतला 'ज' वेगळा. हा फरक बराचसा वरच्या पट्टीतल्या घर्षणाच्या आवाजावर चालतो. माइकनं तीच पट्टी फुगवली की 'चूल', 'चमचा', 'सासू' सगळे सुईसारखे येतात.

मग असा माइक सुधारायचा तर सर्किटमध्ये एखाद-दोन छोटे कपॅसिटर घालून राहिलेली अर्धी नक्कल पुरी करायची. खर्च किरकोळ. पण खरं सांगू? संगणकावर रेकॉर्डिंग नंतर नीट करणार असाल, तर इक्वलायझरनं वरचे स्वर थोडे खाली आणले की जवळजवळ तेच मिळतं, सोल्डरिंगची भानगड न करता. जो माणूस कीर्तन थेट लोकांपर्यंत सोडतो, मध्ये हात फिरवायला सवड नाही, त्याच्यासाठी हा बदल फायद्याचा आहे.

दुसरी जात इलेक्ट्रेटची. १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी कायमचा भारित पडदा बनवला. माइक स्वस्त झाला, कॅसेटच्या टेपरेकॉर्डरमध्ये शिरला आणि गावोगाव गेला. माझ्या मते आपल्या लोकसंगीतावर या शोधाचे फार उपकार आहेत. पण आज बाजारातले कित्येक सर्वांत स्वस्त 'स्टुडिओ माइक' म्हणजे मोठी जाळी आणि आत शर्टाच्या बटणाएवढी इलेक्ट्रेट कॅप्सूल. त्यात मोठी, बाटलीच्या झाकणाएवढी कॅप्सूल बसवायचे सल्ले पुष्कळ मिळतात. तिला चाळीस-साठ व्होल्टचा वेगळा भार लागतो, तो या सर्किटमध्ये नसतो. म्हणजे सर्किटही बदला. दांडा नवा, पातंही नवं, मग कुऱ्हाड जुनी कशी? राहतं ते बाहेरचं कवच, आणि खर्च मूळ किमतीच्या वर जातो. शिवाय तिथले रोधक इतक्या मोठ्या मूल्याचे असतात की घामेजलं बोट लागलं, सोल्डरचा चिकटा राहिला, तरी माइक खरखरतो. भंडारदऱ्याकडच्या पावसाळी दमटपणात तर विचारूच नका. असा माइक उघडू नये, हे माझं स्पष्ट मत.

एक हिशेब करून बघा. माइक आणि तोंड यांतलं अंतर दोन फुटांवरून एक फुटावर आणलं की आवाज सहा डेसिबलनं वाढतो, अर्ध्या फुटावर आणलं की आणखी सहा. खोलीचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, पंखा चालू : अशा खोलीत कॅप्सूल बदलून काय ऐकू येणार? पंखा बंद करा, दोन बाजूंना गोधड्या टांगा, एक वीत अंतर ठेवा.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉतवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. पुढे बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले आणि सुमारे १२० तासांचा आवाज त्या संग्रहात जपला गेला. आज तो आपण ऐकतो तेव्हा बाईचं नाव आणि गाव सोबत असतं. जातं घरातून गेलं तशी ओवी म्हणणारी पिढीही जाते आहे. आपल्या तालुक्यात ऐंशी ओलांडलेली कुणी गाणारी असेल, तर माइकचा सुटा भाग टपालानं येईपर्यंत तिच्याकडे जायचं थांबू नका. आहे तो माइक न्या, आणि सुरुवातीला तिचं नाव, माहेर, सासर तिच्याच तोंडून रेकॉर्ड करा.

आता प्रश्न घेऊ. कुणी आपला माइक आणला असेल तर पुढे या, टेबलावर भिंग आणि पेचकस ठेवला आहे. आत बटण आहे की झाकण, तेवढं बघून सांगतो.